कुंपणापर्यंतचा गॅस

“मावशी, अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. पाहुणे गेले की लगेच काढून टाकू,” कंपनीचा फान मॅनेजर म्हणाला, आणि त्याच्या माणसाने गॅसचं सिलिंडर तांदळाच्या पोत्यांमागे ढकललं.

सुकिम रताळ्याचा पाला निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

“आणि नळी?”

“ती भिंतीमागून घेतलीय. तुम्ही निळा नळ फिरवायचा, आमचा माणूस मागून सिलिंडर सोडेल. कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“मला कळेल ना.”

फान हसला. त्याला वाटलं, मावशी थट्टा करतेय.

हा निळा नळ गेली तीन वर्षं स्वयंपाकघराच्या भिंतीवर नुसता शोभेला होता. गावच्या सभागृहामागच्या या खोलीत सुकिम रोज दुपारी म्हाताऱ्या मंडळींचं जेवण रांधायची. मागे डुकरांचे गोठे होते आणि त्यांच्या पलीकडे ती काळी घुमटाची टाकी. तिच्यात डुकरांची विष्ठा कुजायची आणि गॅस तयार व्हायचा. पिंगतुंग शहरातल्या विद्यापीठाने अक्कल लावली, कंपनीने पैसा लावला आणि गावाने नाक मुठीत धरलं. त्या बदल्यात गावाला एकच गोष्ट मिळायची होती, या चुलीला गॅस.

नळी आली, पण कुंपणापर्यंतच. कुंपण आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामध्ये दोन स्कूटर उभ्या राहतील एवढीच जागा. विद्यापीठाचे वेन प्राध्यापक म्हणायचे, आमचं संशोधन कुंपणाशी संपतं, पुढचं कंपनीने बघायचं. फान म्हणायचा, स्वयंपाकघर हा विद्यापीठाचा सामाजिक विषय आहे. दोघं एकमेकांना वाकून नमस्कार करायचे, एकत्र फोटो काढायचे आणि ती दोन स्कूटरची जागा एकमेकांच्या अंगावर ढकलायचे. जास्तीचा गॅस उंच लोखंडी धुराड्याच्या तोंडाशी रात्रंदिवस जळत राहायचा. खिडकीतून ती ज्वाळा बघत सुकिम विकतच्या सिलिंडरवर भात शिजवायची, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

टाकीची जागा तेंग आकोंगची, म्हणजे तेंग आजोबांची होती. म्हातारा जन्मभर डुकरं पाळून थकलेला, जमीन द्यायला अजिबात तयार नव्हता. कंपनीची माणसं आली, तेव्हा त्याने अंगणातून हाकलून दिली. मग सगळ्यांनी सुकिमला पुढे केलं, कारण तिचा शब्द तो मोडायचा नाही. “आकोंग, तुमचं दुपारचं जेवण त्या गॅसवर शिजेल. माझा शब्द,” ती म्हणाली होती. म्हाताऱ्याने तोंडातली सुपारी गालात सरकवली आणि म्हटलं, “म्हणजे माझी डुकरं अख्ख्या गावाला जेवू घालणार म्हण की.”

तेव्हापासून तो रोज ताट पुढे ओढायचा आणि विचारायचा, “आज डुकरांचा की विकतचा?”

“विकतचा, आकोंग. डुकरं संपावर आहेत.”

“माझी डुकरं असली कामचुकार नाहीत हं,” तो म्हणायचा, आणि सगळी टेबलं हसायची. सुकिमही हसायची. पण हल्ली ते हसू तिच्या घशाखाली उतरत नसे.

वेन प्राध्यापक दाराशी आले. तिच्याकडे बघायचं टाळत त्यांनी चष्मा पुसला.

“साहेब, तुम्हाला हे सिलिंडर माहीत आहे?”

“मावशी, पुढच्या पाच वर्षांच्या पैशाची मंजुरी आजच्या पाहुण्यांच्या हातात आहे. ती आली की पहिलं काम तुमची नळी.”

“हे तुम्ही मागच्या मंजुरीलाही म्हणाला होतात.”

प्राध्यापकांनी चष्मा परत चढवला. बाहेर पाहुण्यांची गाडी थांबली. सुकिमने एप्रन बांधला. पाच वर्षांचं नाव ऐकून तिचंही मन डळमळलं होतं. कुणास ठाऊक, या वेळी खरंच आणतील.

पाहुणे आत आले. म्हाताऱ्यांना कंपनीच्या टोप्या घालून पुढच्या लाल स्टुलांवर बसवलं होतं. सुकिमने निळा नळ फिरवला, काडी ओढली. भस्सकन निळी ज्योत उठली. टाळ्या झाल्या. तिने कढईत लसूण टाकला.

तेंग आकोंग काठी टेकत उठला. कुणी अडवायच्या आत तो चुलीपाशी आला आणि दोन्ही तळवे ज्योतीच्या कडेला धरून उभा राहिला. त्याने टोपी काढली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

“लागला गं,” तो म्हणाला. “सुकिम, तू शब्दाची पक्की निघालीस.”

लसूण करपला. सुकिमने नळ बंद केला. ज्योत विझली नाही, कारण त्या नळाला काही जोडलेलंच नव्हतं. तिने पोती बाजूला ओढली, सिलिंडरची चावी आवळली, नळी उपटली आणि ते धूड गडगडत पाहुण्यांच्या बुटांपर्यंत लोटलं.

“मावशी, तमाशा करू नका!” फान ओरडला.

“तमाशा तुम्ही मांडलात! या माणसाने माझ्या तोंडाकडे बघून जमीन दिली. तीन वर्षं मी त्याला थट्टेवर नेतेय. आज माझ्याच हाताने त्याला फसवायला लावलंत?” तिने खिडकीकडे बोट केलं. “ती बघा, आकोंग, तुमच्या डुकरांची ज्वाळा. आभाळ शेकतायत लेकाचे! आणि इथे आपण दुकानातून सिलिंडर आणतोय.”

“काही तांत्रिक अडचणी...” वेन प्राध्यापकांनी सुरुवात केली.

“दोन स्कूटरची जागा, साहेब! एवढी विद्या आणि एवढा पैसा एकत्र आला, आणि तुम्हाला तेवढी जागा ओलांडता येत नाही?”

एका पाहुण्याने खिडकीबाहेर बघितलं. दुसऱ्याने घड्याळ बघितलं. मंडळी शहरातून आणलेले जेवणाचे डबे गाडीतच खायला निघून गेली.

मंजुरी आलीच. कंपनीच्या जाहिरातीच्या पोस्टरवर आता दुसऱ्याच गावची बाई कढई धरून हसते. कुंपणापाशी नळीचं तोंड अजून प्लास्टिकने बांधलेलं आहे.

पण त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी सुकिमला मंजुरीची पर्वा नव्हती. तिने भात वाढला, वर डुकराच्या मांसाचा रस्सा घातला, बाजूला रताळ्याचा पाला ठेवला आणि पळी हातात धरून तेंग आकोंगसमोर उभी राहिली. त्याच्या रोजच्या प्रश्नाला आज काय उत्तर द्यायचं, ते तिने सकाळपासून घोकलं होतं.

आकोंगने ताट पुढे ओढलं. एक घास खाल्ला.

“मीठ बरोबर पडलंय,” तो म्हणाला.

ती थांबली. तो खाली मान घालून जेवत राहिला. ताट रिकामं झालं तसा काठी घेऊन उठला आणि काही न विचारता घरी गेला.

सुकिमने भांडी घासली, ओटा पुसला. खिडकीबाहेर धुराडं जळतच होतं. तिने फडकं पिळलं आणि वाळायला निळ्या नळावर टाकलं.