कांद्याच्या शेडमधली सांडशी

“एक तर ती पोरगी इथं राहील, नाही तर आमची पोरं!” असं म्हणत मोठीनं तिच्या लेकाचा दंड माझ्या नाकासमोर धरला. दंडावर दातांचा गोल शिक्का उमटलेला.

“कालचंच आहे ते,” मी म्हटलं.

“मग काल तू काय करत होतीस, मावशी? कांदे मोजत होतीस?”

मागच्या दोघी फिस्सकन हसल्या. मोठी म्हणजे आमच्या कांदा काढणीच्या टोळीतली सगळ्यांत दणकट बाई. तिचा आवाज चार वाफे ओलांडून जातो. मुकादमसुद्धा तिच्याशी बोलताना आधी घसा साफ करतो. आजही त्यानं केला.

“हे बघ मावशी, आज एकदा जरी ती चावली, तर उद्यापासून पोरगी नको आणि आईपण नको. पोराला बांधावर सोडून मी कुणाला कामाला येऊ देत नाही. साप आहेत, विहीर आहे.”

त्या पोरीची आई विळा हातात धरून बाजूला उभी होती. मान खाली. एकदा फक्त माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, बाई गं, माझ्याकडं कशाला बघतेस? मी काय तिच्या तोंडाला टाका घालू?

पोरगी चार वर्षांची. तिला सगळे सांडशी म्हणतात. एकदा पकडलं की सोडत नाही. मला ते नाव आवडत नाही, पण घाईत माझ्याही तोंडी तेच येतं.

आमची शेड म्हणजे अर्ध्यात कांद्याच्या गोण्या आणि अर्ध्यात मी सांभाळते ती सतरा पोरं. वर पत्रा. दुपारी पत्रा तापला की कांद्याचा वास असा उठतो की सगळ्यांच्या डोळ्यांना धार. इथं कोण खरंच रडतंय ते डोळे बघून कळत नाही, ओठ बघावे लागतात. मागं ऑफिसातून एक शिकलेल्या बाई आलेल्या, पोरं कशी सांभाळायची ते सांगायला. म्हणाल्या, राग आला की खोल श्वास घ्यायचा. इथं? एकदा घेऊन दाखवला त्यांनी. पाणी प्यायला धावल्या.

आज सकाळपासून मी सांडशीच्या मागं सावलीसारखी. पण बाकीचे सोळा काय माझी वाट बघत थांबणार आहेत? एकानं माती खाल्ली. एकीनं चड्डी ओली केली आणि ती लपवायला दुसरीचीही ओली केली. दोघांनी बादलीची कडी धरून अशी ओढाओढ केली की कडी एकाकडं, बादली एकाकडं आणि पाणी माझ्या अंगावर. मी दात आवळून गोड आवाजात म्हटलं, “असं नाही करायचं, सोन्या.”

“मावशी चिडली,” रेडिओ म्हणाली. ही सहा वर्षांची, शेडमधली बातमीदार. दिवसभरात काय काय झालं ते संध्याकाळी प्रत्येकीच्या आईला सांगितल्याशिवाय तिचा पाय घराकडं वळत नाही.

“मी चिडलेली नाही.”

“मग तुझं नाक का फुगलंय?”

दुपारी पाण्याच्या सुट्टीत आया आल्या. कुणी पाजलं, कुणी केस सारखे केले. सांडशीच्या आईनं तिला मांडीवर घेतलं, शिट्टी वाजली तशी उतरवलं आणि रोजच्यासारखी तिच्या कानाशी वाकली. “मी दिसेनाशी होईपर्यंत रडायचं नाही हं. मुकादम बघतो.” पोरीनं मान हलवली. हे मी रोज ऐकते. ऐकते आणि नाकं पुसायला लागते.

आई वाफ्याकडं निघाली. सांडशी दाराशी उभी राहिली, गप्प. मुठी वळल्या. आणि मी बघतेय तर मोठीचा लेक रांगत रांगत बरोबर तिच्या पायाशी! त्यानं तिचा फ्रॉक धरला. ती खाली वाकली.

मी तीन पोरं ओलांडून गेले आणि मध्ये हात घातला.

कोपराखाली, आतल्या बाजूला दात रुतले. आई गं! मला माझं गाव, माझं नाव काही आठवेना. किंचाळणार, तेवढ्यात दारात सावली पडली. मुकादम आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारी मोठी.

“काय चाललंय?”

माझ्या खांद्यावर नाकं पुसायचा टॉवेल कायम असतो. तो मी सांडशीच्या डोक्यावरून टाकला, तिला हातासकट कुशीत ओढलं आणि डुलायला लागले.

“झोपवतेय,” मी म्हटलं. आवाज कुठून आला देव जाणे.

“चावली का कुणाला?” मोठीनं लेकाला उचलून उलटासुलटा करून बघितला. दंड, पोटऱ्या, ढुंगण. सगळं कोरं.

“बघ की तूच.”

“मग तुझ्या डोळ्यांत पाणी कशाचं?”

मी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी किंकाळी बाहेर येईल म्हणून पुन्हा मिटलं. तेवढ्यात रेडिओ पुढं आली. तिनं सगळं बघितलेलं. तिनं टॉवेलकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं. झालं, मी मनात म्हटलं, आता बातम्या लागणार.

“मावशीला कांदा लागलाय,” रेडिओ म्हणाली.

मुकादमानं गोण्यांकडं बघून स्वतःचे डोळे पुसले. “लागतोच,” म्हणाला. मोठी लेकाला खाली ठेवून कुरकुरत गेली.

टॉवेलखालून, भरल्या तोंडानं आवाज आला. “गेली आई?”

“गेली गं. दिसेनाशी झाली.”

तेव्हा कुठं दात सुटले. आणि मग ती जी रडायला लागली! इतके दिवस मी ती चावते म्हणून चिडत होते. रडू कुठं ठेवायचं हे त्या एवढ्याशा जिवाला कुणी सांगितलं होतं?

संध्याकाळी तिच्या आईनं दबक्या आवाजात विचारलं, “आज कुणाला...?”

“एकाही पोराला नाही. आणि हे बघ, उद्यापासून तिला म्हणायचं, आई समोर असली तरी रड. मुकादमाचं मी बघते.” म्हटलं खरं. काय बघणार होते, मलाच ठाऊक नव्हतं.

शेड बंद करून मी रस्त्याला लागले, तर मागून धावती पावलं. सांडशी. खरं सांगते, मी हात आधी मागं घेतला. तिनं माझ्या हातावरचा टॉवेल वर करून बघितलं. निळंकाळं झालेलं. मी सगळ्यांच्या गुडघ्यांवर घालते तशी तिनं फुंकर घातली. मग मागं वळून रस्ता बघितला. मुकादम नव्हता, मोठी नव्हती.

“आता रड,” ती म्हणाली. “सगळे गेले.”

“मी कशाला रडू?” मी डोळ्यांना टॉवेल लावला. “कांदा आहे तो.”

तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

“इथं कुठं आहे कांदा?”