सगळ्यात वर दिसणारं दुकान

"दिसलं का? सगळ्यात वर?"

"दिसलं!" सभागृह दणाणून गेलं.

दीडशे दुकानदार मोबाइल उंच धरून उभे होते. प्रत्येकाने आपल्या दुकानाचं नाव इंटरनेटवर शोधलं होतं आणि प्रत्येकाचं दुकान यादीत पहिलं आलं होतं. बेकरीवाल्याचे डोळे भरून आले. गादीवाल्याने तर शेजारच्या अनोळखी माणसाला मिठीच मारली. व्यासपीठावर सर डोळे मिटून, हात पसरून उभे होते. समोर सगळे त्यांना सर म्हणत, पाठीमागे काही टवाळ लोक क्लिकमहाराज म्हणत.

"शोधयंत्राला मन असतं," सर म्हणाले. "मी त्या मनाशी बोलतो. बाकीचे जाहिराती देतात, मी स्पंदनं देतो! रोज सकाळी आपलं नाव शोधा. वर दिसलं की त्यावर बोट ठेवा. घरच्या सगळ्यांना आपापल्या मोबाइलवर ठेवायला सांगा. यंत्राला तुमची ओढ कळली पाहिजे. आणि पुरावा हवा असेल, तर तो इथेच बसलाय."

पुरावा म्हणजे चष्म्याच्या दुकानवाल्या वहिनी. त्या उठल्या, माइक हातात घेतला आणि दर सभेतली तीच चार वाक्यं बोलल्या. सरांकडे जाहिरात दिली, दोन महिन्यांत गिऱ्हाईक दुप्पट झालं, सरांचे उपकार कसे फेडू, वगैरे. टाळ्या पडल्या. एक गोष्ट मात्र त्या कधीच सांगत नसत. त्यांच्या समोरच्या चष्मेवाल्याने त्याच सुमारास दुकान बंद केलं होतं आणि त्याचं गिऱ्हाईक रस्ता ओलांडून त्यांच्याकडे आलं होतं. सुरुवातीला त्यांना हे टोचायचं. पण टाळ्यांची सवय फार लवकर लागते.

सभा संपल्यावर कानकाका जिन्यात थांबले होते. बावीस वर्षं ते ऐकू येण्याची मशीनं दुरुस्त करत होते. त्यांना इथे वहिनींनीच आणलं होतं. कानाच्या डॉक्टरांची यादी देणाऱ्या एका संकेतस्थळावर काकांची छोटीशी जाहिरात होती, तीही "तिथे कोण बघतंय?" म्हणून वहिनींनीच बंद करायला लावली होती.

"वहिनी, गेल्या महिन्यात माझ्या जाहिरातीवर दोनशे चाळीस जण आले म्हणे," काका म्हणाले. "दुकानात आले तीन. सरांना विचारलं. म्हणाले, लोक येतात, तुम्हाला बघतात आणि परत जातात. तुमच्या कामात आता राम उरला नाही."

"काहीतरीच काय!"

"नाही हो. दोनशे चाळीस माणसं खोटी कशी असतील? माझाच हात गेला असणार. महिनाअखेर दुकान सोडतोय."

वहिनी दुपारी घरी गेल्या. त्यांची नणंद शाळेत गणित शिकवायची आणि सुटीसाठी त्यांच्याकडे आली होती. वहिनींनी तिला सगळं सांगितलं, समोरच्या दुकानाचं तेवढं वगळून.

"ती माणसं काय शोधत होती?" नणंदेने विचारलं.

"म्हणजे काय, वन्सं?"

"अहो, शोधताना काहीतरी टाइप केलंच असेल ना त्यांनी? त्याचा हिशोब जाहिरातीच्या खात्यात असतो. उघडून बघा की."

खातं काकांच्याच नावाचं होतं, पण ते उघडल्याने स्पंदनं विस्कटतात, असं सरांनी बजावलं होतं. तिघांनी काकांच्या दुकानात बसून ती बिनदिक्कत विस्कटली. यादीत एकच ओळ निघाली. काकांच्या दुकानाचं नाव, दोनशे चाळीस वेळा.

"तुमच्या सांगण्यावरून रोज बोट कोण कोण ठेवतं?" नणंदेने काकांना विचारलं.

काका बोटं मोजू लागले. "मी, बायको, दोन्ही मुली, दोन्ही जावई, माझी बहीण. सात."

"आठवी मी," वहिनी म्हणाल्या.

"आठ माणसं, तीस दिवस," नणंद म्हणाली आणि पुढचा गुणाकार तिने काकांवर सोडला.

दुसऱ्या दिवशी आठही जणांनी मोबाइलला हात लावला नाही. आकडा शून्य.

पुढच्या सभेत सरांनी पुराव्याला हाक मारली. वहिनींनी उठून माइक हातात घेतला.

"माझं गिऱ्हाईक वाढलं ते समोरचं दुकान बंद पडल्यामुळे," त्या म्हणाल्या. "हे मला माहीत होतं. तरी मी इथे उभी राहून खोटं बोलले. मला लाज वाटते."

मग वहिनींनी काकांचा आकडा सांगितला. "आपण आपलंच नाव शोधतो, मग वर आपलंच दुकान येणार. माझं नाव शोधून काय पिठाची गिरणी सापडेल? सरांनी जाहिरात लावली फक्त आपल्या नावावर. क्लिक आपण करतो, प्रत्येक क्लिकचे पैसे आपण भरतो आणि त्यावर फी सर घेतात. ज्याचं कानातलं मशीन शिट्टी मारतंय, त्याला काकांचं नाव कुठून माहीत? तो 'मशीनमधून शिट्टी येते' असं टाइप करतो. तिथे काकांची जाहिरात नव्हतीच!"

"ही नकारात्मक स्पंदनं..." सर म्हणाले.

"मग उद्या कुणीच बोट ठेवू नका," मागून नणंद म्हणाली. "आणि परवा आकडा बघा."

तेवढ्यात सरांना फार महत्त्वाचा फोन आला. तो घ्यायला ते बाहेर गेले, ते गेलेच.

काका गर्दीतून पुढे आले. "म्हणजे ती माणसं मला बघून परत गेली नाहीत?"

"जाहिरात बघून कुणी आलंच नव्हतं, काका," वहिनी म्हणाल्या. " तुमचं काम कुणी नाकारलं नाही."

काका खुर्चीत बसले. दुकान सोडायचं नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर आधी उमटलं आणि तोंडून नंतर निघालं. मग त्यांनी वर पाहिलं. "समोरचं दुकान बंद झालेलं तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. पाटी उतरवत होते तेव्हा मी दारातच उभी होते."

"म्हणजे मला इथे आणलंत त्याच्याही आधी."

"हो."

दुसऱ्या दिवशी दोघं काकांच्या टेबलाशी बसून नव्या जाहिरातीसाठी शब्द लिहू लागले. आईला ऐकू येत नाही, मशीन ओलं झालं, शिट्टी येते, असे गरजवंताच्या तोंडचे शब्द. डॉक्टरांच्या यादीतली जाहिरातही पुन्हा सुरू करायची ठरली.

"कुणी काय शोधलं ते दर आठवड्याला तपासायचं," वहिनी म्हणाल्या. "आणि मधूनच जाहिरात बंद करून काय फरक पडतो तेही बघायचं. कुणाच्याही शब्दावर जायचं नाही."

काकांनी मान हलवली. "वहिनी, यापुढे तुम्ही काही सांगितलंत तरी मी पुरावा मागणार. वाईट वाटून घेऊ नका."

वहिनींना वाईट वाटलंच.

"मागाच," त्या म्हणाल्या.