सात महिन्यांचा सोफा आणि दहा किलोमीटर

शर्यतीत नाव घातलं तेव्हा सोफेवाला सेहेचाळीस वर्षांचा होता. "बाबा, तुम्हाला बुटाची नाडी बांधतानासुद्धा धाप लागते," असं मुलगी चारचौघांत म्हणाली आणि रागाच्या भरात तो दहा किलोमीटरचा फॉर्म भरून आला.

पहिल्या वर्षी पाण्याच्या पाइपसाठी रस्ता खणला आणि शर्यत रद्द झाली. दुसऱ्या वर्षी पुलाला तडा गेला. तिसऱ्या वर्षी रस्ता आणि पूल दोन्ही धडधाकट होते, पण प्रमुख पाहुणेच आजारी पडले. दर वेळी सोफेवाला दुकानात येईल त्याला सांगायचा, "काय तयारी झाली होती माझी! दाखवलंच असतं यंदा." आणि घरी जाऊन निवांत झोपायचा.

चौथ्या वर्षी तारीख पक्की झाली, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"नक्की आहे का? पुन्हा एकदा विचार ना," तो बायकोला म्हणाला.

"तीनदा विचारलंय. मलाच बघायची हौस आहे," बायको म्हणाली.

रविवारी सकाळी शिट्टी वाजली. पहिला किलोमीटर पळताना आपण उगाच घाबरत होतो असं त्याला वाटलं. दुसऱ्या किलोमीटरला तसं वाटेनासं झालं. तिसऱ्याच्या पाटीपाशी मागून आवाज आला, "काय हो सोफेवाले!"

आवाज त्याने लगेच ओळखला. त्या मुख्याध्यापिका बाई होत्या, गेल्याच वर्षी निवृत्त झालेल्या. त्यांचा तीन माणसांचा सोफा सात महिने त्याच्या दुकानात पडून होता, नुसता सांगाडा आणि स्प्रिंगा. बाईंचा फोन आला की तो "गुरुवारी देतो" म्हणायचा. कुठल्या गुरुवारी, ते सांगायचा नाही. हल्ली तर फोनच उचलत नव्हता.

"आमचे हे सात महिने स्टुलावर बसून पेपर वाचताहेत," बाई त्याच्या बरोबरीने पळत म्हणाल्या. त्यांना जराही धाप लागलेली नव्हती. "कंबर धरलीय त्यांची."

"कापड... कापड आलं नाही, बाई."

"कापड मीच आणून दिलंय. निळं. तुमच्या टेबलाखाली आहे."

सोफेवाल्याने वेग वाढवला. बाईंनीही वाढवला. तो रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेला, बाई मागोमाग. पाण्याच्या टेबलापाशी तो थांबला नाही, कारण तिथे बाई थांबतील आणि आपण सटकू असा त्याचा हिशेब होता. बाईंनी पळता पळताच पेला उचलला. कडेला उभ्या असलेल्या बायकोला वाटलं, नवरा जिंकायलाच निघालाय. तिने जोरात टाळ्या वाजवल्या.

आठव्या किलोमीटरला अचानक मागचा आवाज बंद झाला. त्याने वळून पाहिलं. बाई फुटपाथवर बसल्या होत्या. बुटाचा तळ पुढून उकलून जिभेसारखा लोंबत होता. शर्यतीसाठी म्हणून बूट पहिल्याच वर्षी घेतले होते आणि तीन वर्षं खोक्यात राहून त्यांचा गोंद सुकून गेला होता.

म्हणजे सुटलो. सोफेवाला चाळीसेक पावलं पुढे गेलासुद्धा. मग बाई एका पायात बूट घालून, दुसरा हातात धरून लंगडत निघालेल्या त्याला दिसल्या. त्या ओरडल्या असत्या तर तो थांबला नसता.

तो परत आला. "आणा इकडे."

कमरेच्या पिशवीत ग्लुकोजच्या पुडीबरोबर, नेहमीच्या सवयीने, दाभण आणि मेणाचा दोरा होताच. तो फुटपाथवर मांडी घालून बसला. त्याने तळ आवळून धरला, आठ टाके घातले आणि गाठ मारून दोरा दाताने तोडला.

बाईंनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं! म्हणजे मनात आणलं तर जमतं तुम्हाला."

सोफेवाला ओशाळला. "बाई, खरं सांगू? तुमच्या सोफ्याच्या स्प्रिंगा मला बसवताच येत नाहीत. जुनी पद्धत आहे. खोललं आणि फसलो. सांगायची लाज वाटली."

"मग तसं सांगायचं होतं. मी काय छडी मारणार होते?" बाई बूट घालत म्हणाल्या. "काढून टाका त्या स्प्रिंगा. फोम घाला. आम्हाला बसायचंय, प्रदर्शन नाही भरवायचं."

उरलेलं अंतर दोघं बरोबर पळाली. शेवटून दुसरी आणि तिसरी जागा त्यांची. शेवटच्या दहा पावलांत बाई पुढे सटकल्या.

बुधवारी सोफा बाईंच्या घरी गेला. दुसऱ्या मजल्यावर. सोफेवाल्याने त्याची एक बाजू स्वतः उचलून वर नेली. बाईंचे यजमान सोफ्यावर टेकले, पेपर उघडला आणि दुसऱ्या पानापर्यंत पोचायच्या आत घोरू लागले. बाईंनी पुढच्या वर्षीचा फॉर्म आणूनच ठेवला होता. सोफेवाल्याने उभ्या उभ्या सही केली, कारण खाली बसलो तर उठता येणार नाही याची त्याला खात्री होती. मांड्या अशा भरून आल्या होत्या की जिना उतरताना तो कठडा धरून उलटा, एकेक पायरी मोजत उतरला. वर येणारी शेजारीण भिंतीला चिकटून उभी राहिली आणि म्हणाली, "काही पडलंय का तुमचं?"

"नाही हो," तो म्हणाला, "रविवारी शर्यत पळलो."