जिन्याचं फाटक

नातू रांगायला लागला, तेव्हा आजीने घराचा पार तुरुंग करून टाकला होता. टेबलाच्या कोपऱ्यांना रबरी टोप्या, प्लगच्या भोकांना प्लास्टिकची बुचं, सुऱ्यांच्या खणाला कुलूप आणि जिन्याच्या पायथ्याशी लाकडी फाटक. शेजारीण म्हणायची, वर खजिना दडवलाय की काय!

पुढे मुलाचा संसार मोडला. सून नातवाला घेऊन दूरच्या शहरात गेली. आजीने मात्र एकाही टोपीला हात लावू दिला नाही.

"त्या फाटकात पाय अडकून मीच जाईन एक दिवस," आजोबा कुरकुरायचे.

"जपून चाला की. पोर अचानक आलं म्हणजे?" असं म्हणत ती बिजागरीला तेल घालायची.

आणि एका दुपारी सून खरंच त्याला घेऊन आली. तो आता आजीच्या खांद्याला लागत होता. बूट नीट जोडीने ठेवून तो पाहुण्यासारखा खुर्चीच्या कडेवर बसला. इकडेतिकडे बघता बघता त्याची नजर फाटकावर थांबली.

"तुमच्याकडे कुत्रा आहे का?" त्याने विचारलं.

"नाही रे. लहान बाळ होतं."

"मग ते कुठे गेलं?"

सुनेने मान खाली घातली. आजी गुडघ्यावर हात टेकून उठली. "चल, वर त्याची खेळणी आहेत, ती दाखवते," एवढंच म्हणाली.

खिट्टी काढायला ती वाकली, तोवर तो एक ढांग टाकून फाटकापलीकडे गेलाही होता.