केशरी रेघ

देझो हाल्मीने गाळणकागदाची अरुंद पट्टी कापली, मागच्या रांगेलाही दिसेल अशी उंच धरली आणि म्हणाला, "हा प्रयोग माझी धाकटी शाळेत करते. त्यामुळे कोणी घाबरू नका."

सभागृहात हशा पिकला. पहिल्या रांगेत बोर्बाला बसली होती, मांडीवर फुलांचा गुच्छ घेऊन. तीही हसली. आपल्या निरोपसमारंभात संचालक झालेला देझो काहीतरी गंमत करणार आहे, हे तिच्या कानावर आलेलं होतं. गंमत म्हणजे एखादा जुना फोटो असेल, नाहीतर वाइनची बाटली, असं ती धरून चालली होती. आपल्या शेवाळाचा अर्क त्या छोट्या काचेच्या नळीत आहे, हे तिला नळीवरच्या चिठ्ठीवरून आता कळलं. चिठ्ठी तिच्याच अक्षरातली होती.

तिसा नदीच्या काठी असलेल्या त्या संस्थेत बोर्बालाचा सगळा जन्म गेला होता. पान असो की शेवाळ, उजेडाचं अन्न कसं होतं, त्यातला कुठला रेणू काय करतो, हेच तिथे सगळे शोधत. तळघराच्या टोकाला प्रकाशखोली होती. तिथे दिवसाच्या वेळा पाळत दिवे आपोआप लागत, विझत, आणि त्यांच्याखाली फळ्यांवर हिरव्या पाण्याच्या बाटल्या मंद हलत असत. ती खोली बोर्बालाची. इतरांना तिथे अर्धा तास बसलं तर डोळे दुखत. ती तिथेच डबा खाई.

तिचं शेवाळ जन्मतः अधू होतं. हरितद्रव्याचा रेणू उजेड पकडतो आणि ती ऊर्जा शेजारच्या रेणूकडे देतो, तो पुढच्याकडे, असं करत ती पाणी फोडण्याच्या कामापर्यंत पोचते. पण उजेड फार झाला की थोडी ऊर्जा वाटेतच अडकते आणि जवळच्या ऑक्सिजनला चेतवते. तो चेतलेला ऑक्सिजन पेशीला आतून जाळतो. म्हणून हरितद्रव्याला खेटून केशरी रेणू बसलेले असतात, गाजराला रंग देणारेच. ते ती जादाची ऊर्जा अंगावर घेतात आणि ऊब करून सोडून देतात. बोर्बालाच्या शेवाळाला हे केशरी रेणू बनवताच येत नव्हते. त्याला काळ्या कपाटात ठेवून आयतं अन्न घालावं लागे. उजेडात काढलं की काही तासांत ते पांढरं पडून मरे.

मग एका उन्हाळ्यात कपाटाबाहेर राहिलेल्या एका नळीतलं शेवाळ मेलं नाही. उलट गडद हिरवं होऊन वाढत राहिलं. बोर्बालाने त्यातला नमुना तेव्हा नुकत्याच नोकरीला लागलेल्या देझोकडे मोजायला दिला. त्याने सांगितलं, केशरी काहीच नाही. म्हणजे ढाल नसताना ते उजेडात जगत होतं. म्हणजे दुसरी कुठलीतरी ढाल होती, कोणाला ठाऊक नसलेली. तिच्या शोधात बोर्बालाची पुढची अकरा वर्षं गेली. दरवर्षी ती नव्याने नमुना देई. देझो वर चढत गेल्यावर मोजण्याचं काम इर्माकडे आलं. इर्मा तिची मैत्रीण, रोज दुपारी दोघी एकाच टेबलावर जेवत. सूप गार होईपर्यंत फुंकत इर्मा सांगे, "तसंच आहे गं. काही नाही." एकदा प्रागच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी कळवलं की तुम्ही पाठवलेलं शेवाळ अगदी साधं निघालं. तेव्हा बोर्बाला दोन दिवस धुमसत होती. त्यांच्याकडे स्वच्छता नाही, त्यांनीच काहीतरी मिसळून घेतलं, असं ती भेटेल त्याला सांगत होती.

देझोने पट्टीच्या तळाशी अर्काचा हिरवा ठिपका दिला. पट्टी उंच बरणीत उभी केली. बरणीच्या तळाला बोटभर द्रव होता. द्रव कागदातून वर चढू लागला आणि ठिपकाही त्याच्याबरोबर चढू लागला, चढता चढता फाकू लागला. खालचा हिरवा तिथेच रेंगाळला. त्याच्यावर पिवळा आला. आणि सगळ्यांच्या पुढे, द्रवाच्या अगदी कडेशी, एक बारीक केशरी रेघ वर निघाली.

"अरेच्चा," देझो म्हणाला. "हे काय आलं?"

मागच्या रांगांमधून दबलेलं हसू ऐकू आलं. बोर्बालाला पहिल्यांदा वाटलं, नळी चुकली असेल.

"बोरी, तूच ये. तुझ्याइतकं यातलं कोणाला कळतं?"

तिने फुलं खुर्चीवर ठेवली आणि पुढे गेली. चष्मा कपाळावर सरकवून तिने बरणीजवळ तोंड नेलं. ती बराच वेळ बघत होती. मग विद्यार्थ्यांना शिकवताना बोलायची तशा आवाजात तिने वाचून दाखवलं, "सगळ्यात वर केशरी. कॅरोटीन. त्याखाली पिवळं. मग निळसर हिरवं आणि खाली पिवळट हिरवं."

"म्हणजे कसलं शेवाळ?"

"साधं."

"किती साधं?"

"तळ्यातलं," ती म्हणाली. "कुठल्याही तळ्यातलं."

हसू आता दबलेलं राहिलं नाही. तिने विचारलं, "पहिल्यांदा तूच मोजलं होतंस ना, देझो?"

"बाई गं, तेव्हा मी पोरगा होतो," देझो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पसरले. "कपाटातली नळी घेतली असेल. उलटसुलट झालं असेल." त्याने तिच्या खांद्यावर हात टाकून तिला कुशीत ओढलं, गालांचे मुके घेतले आणि टाळ्यांचा गजर सुरू झाला.

अशा वेळी माणूस उठून जाऊ शकतं. बोर्बालाला ते सुचलं नाही. तिने स्वतःला समजावलं की चूक झाली, चुका होतात, आपलंच अज्ञान आज सगळ्यांसमोर उघडं पडलं इतकंच. देझोलाही ते आजच कळलं. तो बिचारा तरी काय करणार? मग केक आणला. तो तिनेच कापायचा होता. वरचा कागद काढला तर केकवर हिरवी मलई होती आणि त्या हिरव्यावरून आडवी एक केशरी रेघ ओढलेली होती. खाली साखरेच्या अक्षरांत लिहिलं होतं: संत बोर्बालाचं शेवाळ.

केक चौकातल्या दुकानातला होता. तिथे दोन दिवस आधी सांगावं लागतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

तिने केक कापला. शेवटचा तुकडा उरेपर्यंत प्रत्येकाच्या बशीत वाढला, स्वतःही खाल्ला.

कोट टांगायच्या खोलीत इर्मा एकटी होती. बोर्बालाला पाहून ती बाहीत हात घालण्याचं ढोंग करत राहिली. बोर्बालाने दार लावून घेतलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

इर्माने आधी इकडचं तिकडचं सांगून पाहिलं. केकचं देझोच्या डोक्यातलं, तिने तर नको म्हटलं होतं, तिची पाठ दुखतेय. बोर्बाला दाराला टेकून उभीच राहिली.

"पहिल्याच वर्षी कळलं," इर्मा शेवटी म्हणाली. "मशीनवर लखलखीत दिसत होतं. मी देझोकडे गेले. तो म्हणाला, त्याला कधीचंच कळलंय. राहू दे, म्हणाला, ती खूश आहे, खालची खोली सांभाळते, कोणाच्या मध्ये येत नाही. तेव्हा विभागप्रमुखाची जागा निघायची होती ना. दुसऱ्या वर्षी मला वाटलं, आता कुठल्या तोंडाने सांगू."

"आणि नंतर?"

"नंतर मी मोजायचंच सोडलं. तू दिलेलं मोरीत ओतायचे."

बोर्बालाने विचारलं, "आणि हसायचे सगळे?"

"हसायचे."

"तू?"

"मीपण," इर्मा म्हणाली. मग ती एकदम चिडली. चेहरा लाल झाला, आवाज चढला. "पण मला एक सांग, बोरी. तुझ्या खणात कागद होता. खाली कपाटात द्रव होता. दहा मिनिटांचं काम. शाळेतली पोरं करतात. अकरा वर्षांत तू एकदाही का नाही करून पाहिलंस?"

बोर्बालाने दार उघडलं आणि कोट न घेताच बाहेर पडली.

तिने एकदा पट्टी कापली होती. तिची आई शेजारच्या गावच्या वृद्धाश्रमात होती. घरी ठेवली असती तर बाटल्यांचं पाणी बदलायला सुटीच्या दिवशी कोण जाणार, म्हणून ठेवलेली. आई दर रविवारी तिची वाट बघायची आणि बोर्बाला बहुतेक रविवारी निरोप पाठवायची की पुढच्या आठवड्यात नक्की. अशाच एका रविवारी ती प्रकाशखोलीत असताना आई गेली. पुरून आल्यावरच्या आठवड्यात तिने कागद काढला, पट्टी कापली, बरणी मांडली. मग बरणी धुऊन ठेवली आणि पट्टी कोरडीच चुरगाळून टाकली. त्यानंतर ती पट्टी बुडवणं तिला कधीच झेपलं नसतं.

शनिवारी ती खोली रिकामी करायला आली. इमारतीत फारसं कोणी नव्हतं. कपडे पांढरे करायच्या द्रवाचे मोठे डबे तिने वर्गवारी केल्यासारखे ओळीने मांडले आणि एकेका बाटलीत ओतायला सुरुवात केली. गडद हिरवं पाणी आधी शेवाळी, मग पिवळट, मग ताकासारखं होई. ते झालं की ती बाटली मोरीत उपडी करी.

निम्म्या बाटल्या झाल्या तेव्हा देझो दारात आला. घरच्या कपड्यांत होता, बाजाराची पिशवी हातात होती. काल जरा जास्तच झालं, पोरांना आवरता आलं नाही, असं काहीतरी तो बोलला. ती ओतत राहिली. मग तो फळ्यांकडे बघून म्हणाला, "एखादी बाटली ठेव की. पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवायला बरी. चांगली पोसलीयेस."

"साधी आहे ती," बोर्बाला म्हणाली. "तळ्यावर जा. बादलीभर मिळेल."

तो पिशवी सावरत निघून गेला.

शेवटी तिने काळं कपाट उघडलं. मूळचं शेवाळ आत होतं, फिकट, अशक्त, अंधारात आयत्या अन्नावर जगणारं. त्याला द्रव घालायची गरज नव्हती. तिने नळ्या उचलून दिव्यांखालच्या रिकाम्या फळीवर ठेवल्या आणि स्टूल ओढून समोर बसली. दुपार सरेपर्यंत ती तिथेच होती. नळ्या कडेकडेने विटत गेल्या आणि पांढऱ्या पडल्या, पुस्तकात लिहिलंय तशा. एकही वाचली नाही. तेव्हा कुठे तिला काल सकाळपासूनचा पहिला मोकळा श्वास घेता आला. निदान हे तरी खरं होतं. मग तिने त्या नळ्याही धुतल्या, किल्ली खिळ्याला अडकवली आणि घरी गेली.

रविवारी दुपारी फोन वाजला. संस्थेच्या फाटकावरचे अंब्रुशकाका होते, तळघरातल्या फोनवरून बोलत होते. हात चुंबतो, बाई, असं नेहमीसारखं जुन्या वळणाचं अभिवादन करून त्यांनी आधी सुटीच्या दिवशी त्रास दिल्याबद्दल माफी मागितली. तळघराच्या टोकाच्या खोलीत लखलखाट आहे, म्हणाले. फळ्यांवर एकही बाटली दिसत नाही, दिवे मात्र चालू आहेत. बोर्बाला विसरली होती. दिवे आपले आपण वेळेवर लागले होते.

"बंद करून टाका, काका."

पलीकडे ते घुटमळले. या खोलीच्या बटणाला कधी हात लावायचा नाही, हे तिनेच त्यांना बजावून ठेवलेलं होतं. एकदा वीज गेली तेव्हा ती रडकुंडीला येऊन चपलांवरच धावत आली होती, ते त्यांनी पाहिलं होतं.

"नक्की ना, बाई?" त्यांनी विचारलं. "आत काही मरणार नाही ना?"

"नाही," बोर्बाला म्हणाली. "करा बंद."

तिने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. काकांची पावलं लांब गेली, मग बटणाचा खटका ऐकू आला, मग पावलं परत आली.

"झालं," ते म्हणाले.