तपासणीच्या दिवशीचा नाश्ता

सकाळी सव्वासातला मी ताटावरचं झाकण उचललं. दोन उकडलेली अंडी, ब्रेड, सगळं जसंच्या तसं. कचऱ्याच्या डब्यात मात्र इन्सुलिनची वापरलेली सिरिंज. म्हणजे इंजेक्शन घेतलं, पोटात अन्नाचा कण नाही, आणि आमचे हे शाळेची व्हॅन घेऊन गेले. चौदा मुलं असतात त्यात. उपाशीपोटी शुगर एकदम उतरली तर स्टिअरिंगवरच शुद्ध हरपायची.

आज शाळेत ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी होती. शुगर दोनशेच्या वर दिसली की गाडीची किल्ली काढून घेतात. कमी दिसली तर कोणी हूं की चूं करत नाही, उलट पाठ थोपटतात. म्हणून शुगरवाले ड्रायव्हर त्या दिवशी उपाशी जातात. एकमेकांना शिकवतातसुद्धा, निर्लज्ज मेले! पण आमचे हे त्यांच्यातले असतील असं मला वाटलं नव्हतं.

कारण गाडीच्या बाबतीत हा माणूस म्हणजे कहर आहे. सव्वीस वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही. प्रत्येक मुलाचा पट्टा स्वतः ओढून बघणार. काटा चाळीसच्या वर जाणार नाही. एकदा आम्हाला एका सायकलवाल्या आजोबांनी मागे टाकलं, तरी ह्यांचा पाय हलला नाही. आणि गाडी सुरू करण्याआधी फोन बंद. स्वतःचाही, आणि मुलांना चढवणाऱ्या मावशींचाही.

मी ह्यांना फोन लावला. बंद. मावशींना लावला. तोही बंद. एवढा राग आला मला त्या शिस्तीचा!

मग शाळेत लावला. क्लार्क म्हणाला, "व्हॅन अजून यायचीय. काही काम होतं का?"

खरं सांगितलं तर ह्यांची नोकरी गेली. आणि नाही सांगितलं तर?

"काही नाही, डबा विसरलेत," मी म्हणाले.

चौदा पोरांचे जीव रस्त्यावर आणि मी डब्याची थाप मारली. माझी मलाच लाज वाटली, पण तोंड काही उघडलं नाही. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. व्हॅन नव्हती. आठ वाजून पाच मिनिटांनी तिसऱ्यांदा लावला तेव्हा तो हसला. "आली हो वहिनी, आज जरा उशीर झाला. डबा पाठवताय का?"

मी फोन ठेवला आणि तिथेच फरशीवर बसून रडले.

दहाला हे शीळ घालत घरी आले. हातातला कागद माझ्यापुढे नाचवला. "चौऱ्याहत्तर! डॉक्टर म्हणाले, पंचविशीतल्या पोराची शुगर आहे. चार युनिट जास्तच मारले होते. मावशींनी शाळेजवळ बळेबळे बिस्किटं चारली, नाहीतर अजून कमी आली असती."

"बळेबळे का?"

"अगं, एक स्टॉप चुकला. दोन मुलं राहिली. घाम आला होता जरा, त्याचं त्यांनी केवढं अवडंबर केलं."

"स्टॉप चुकला? तुमचा?"

"कधी आला, कधी गेला, कळलंच नाही."

"आणि शाळेच्या वाटेवरचा नदीवरचा पूल? पुलावरून आलात ना?"

ह्यांनी अंडं सोलता सोलता हात थांबवला.

"आलो असेन," म्हणाले. "नाहीतर पोचलो कसा?"

मी म्हटलं, "मी शाळेत सांगणार आहे."

"सांग," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पण मग मी दिवसभर काय करू, तेही सांग. मला दुसरं येतं काय?"

कागदावर वर्षभराचा शिक्का बसला होता.

साडेबाराला मुलांना आणायची वेळ झाली. ह्यांनी तोंडावर पाणी मारलं, किल्ली उचलली. मी चपला घातल्या आणि जाऊन व्हॅनमध्ये त्यांच्या शेजारी बसले.

मला गाडी चालवता येत नाही.