सरांचा बगळा

चष्म्याच्या दुकानदाराला पक्ष्यांशी काही देणंघेणं नव्हतं. रविवारी दुकान बंद असलं की तो घरात पंख्याखाली पडून पंख्याकडे बघत असे. बायकोला ते बघवेना. तिनं नदीकाठच्या बागेतल्या पक्षीफेरीसाठी दोघांची नावं परस्पर देऊन टाकली आणि पहाटे त्याला उठवूनच ते सांगितलं. वादाला जागाच ठेवली नाही.

बागेच्या फाटकाशी सर उभे होते. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अंगानं काटकुळे, गळ्यात जुनी दुर्बीण. मंडळी फार नव्हती. एक नणंद-भावजय होत्या, एकमेकींशी अवाक्षर न बोलता एकच दुर्बीण वापरणाऱ्या. शिवाय बँकेतल्या बाई. बाईंना दुकानदार चांगला ओळखून होता. त्यांचा चष्मा त्यानंच करून दिला होता. तो त्यांच्या पर्समध्ये होता आणि तिथेच राहणार होता, कारण चष्म्यात आपण वयस्कर दिसतो असं बाईंचं ठाम मत होतं.

सर मोजकं बोलत. झाडीत काही वाजलं की हात वर करायचे, मान किंचित तिरकी करायचे आणि नाव सांगायचे. दयाळ. शिंपी. आणि हजेरीत नाव पुकारल्यासारखा तो पक्षी खरंच बाहेर यायचा. मात्र गप्प बसलेला पक्षी कुणी दाखवला, की सर म्हणत, "मी सांगणार नाही. पाहणाऱ्यानं बोलायचं. रंग सांगा, चोच सांगा, शेपटी सांगा."

मंडळी वर्णन करत, मग सर नाव सांगत.

"किती छान शिकवतात," बायको कुजबुजली.

दुकानदार पक्ष्यांकडे बघतच नव्हता. सगळी हयात त्यानं लोक कसे बघतात तेच बघण्यात घालवली होती. सर दुर्बीण लावत ती भलत्याच झाडावर. ऊन समोर आलं की पापण्या मिटत. सावली संपून ऊन लागलं की पाऊल आधी चाचपून टाकत.

"मोतीबिंदू," तो हळूच म्हणाला.

"कुठे?" बायकोनं दुर्बीण गर्रकन फिरवली.

"दोन्हीकडे. चांगला पिकलेला."

"मला नाही दिसत."

"सरांनाही नाही दिसत."

बायकोनं दुर्बीण खाली घेतली. "तोंड मिटून चला," ती म्हणाली. "आज दुकान बंद आहे."

नदीच्या वळणावर बँकेतल्या बाई थबकल्या. "सर, पाण्यात उभा आहे कुणीतरी. पांढराशुभ्र. मान लांब, पुढे वाकलेली. मुळीच हलत नाही."

"बगळा," सर म्हणाले. "शिकारीला उभाय. आपणही हलायचं नाही."

मंडळी हलली नाहीत. सर बगळ्याच्या धीराबद्दल सांगू लागले, आणि फार सुरेख सांगत होते. पोटात भूक असते, पण मानेतून ती कळू द्यायची नाही. नणंदेनं दुर्बिणीतून पाहिलं आणि दुर्बीण भावजयीकडे दिली. भावजयीनं पाहिलं, मग नणंदेकडे पाहिलं.

"सर," दुकानदार म्हणाला, "तो पाइप आहे."

बायकोनं कोपर मारलं, पण ते बरगडीत पोचेपर्यंत वाक्य संपलं होतं.

"पाइप?"

"प्लॅस्टिकचा. वर वाकवलेला."

सरांनी दुर्बीण गळ्यात सोडली. "मग आपण हलायला हरकत नाही," ते म्हणाले आणि चालू लागले.

पुढे वाट डावीकडे वळत होती आणि समोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. सर वळले नाहीत. दुकानदारानं धावत जाऊन त्यांचा दंड धरला, तेव्हा त्यांचा एक पाय अधांतरी होता.

"पायऱ्या आहेत, सर."

"ठाऊक आहे. पण त्या पूर्वी पुढे होत्या."

दुकानदारानं त्यांना बाकावर बसवलं. बाकीची मंडळी पाणी प्यायला थांबली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"बरीच वर्षं झाली. आधी टिटवीचे पाय गेले. मग खंड्याचा निळा रंग. मग खंड्याच गेला."

"साधं ऑपरेशन असतं. लोक त्याच दिवशी घरी येतात."

"सुई असते?"

"असते."

"डोळ्याजवळ?"

"डोळ्याचं ऑपरेशन आहे, सर."

सरांनी मान हलवली. "शाळेत लस टोचायला पोरांना मी रांगेत उभं करायचो आणि स्वतः नकाशे आणायला जायचो. आणि ह्यांना कळलं, तर माझ्यामागे पक्षी बघायला कोण येईल?"

दुकानात येणारे बरेच जण काही ना काही लपवत. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येणारे ड्रायव्हर त्यानं पाहिले होते. पण लपवता लपवता कुणी त्याला दयाळ दाखवला नव्हता.

"मी येतो बरोबर," तो म्हणाला.

बायको मागेच उभी होती. तिच्या वडिलांच्या ऑपरेशनलाही ह्या माणसानं दुकान बंद ठेवलं नव्हतं. घरी जाताना तिनं ते बोलून दाखवलं.

ऑपरेशनच्या दिवशी दुकान बंद राहिलं. सुईच्या वेळी सर जे बोलले ते दाराबाहेर स्पष्ट ऐकू आलं. भूगोलाच्या शिक्षकाला ते शोभणारं नव्हतं. महिन्याभरानं दुसऱ्या डोळ्याच्या वेळीही ते तेच बोलले, पण जरा हळू.

त्यानंतरच्या पहिल्या फेरीला सरांनी फाटकाशी सगळ्यांना थांबवलं. "आजवर मी तुम्हाला कानावर फिरवलं," ते म्हणाले. "कुणाला फसल्यासारखं वाटत असेल, तर त्यांनी परत जावं."

कुणीही गेलं नाही.

"आम्हाला माहीत होतं, सर," नणंद म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात तुम्ही मला हिचे मिस्टर समजला होतात."

"मी म्हटलं, कशाला सांगा," भावजय म्हणाली. त्या दोघींचं एवढं एकमत कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग सरांनी एकेकाचा चेहरा जवळ जाऊन नीट पाहिला. दुकानदारापाशी ते जरा जास्त थांबले.

"आवाजावरून तुम्ही उंच वाटला होतात," ते म्हणाले.

बायकोला हसू आवरेना.

त्या दिवशी मंडळी नदीपर्यंत पोचलीच नाहीत. फाटकाच्या आत कुंपणावर चिमणी बसली होती, आणि सर तिच्यासमोरून हलायला तयार नव्हते. तिच्या पाठीवर तपकिरीच्या किती तऱ्हा आहेत ते ते बोट न दाखवता सांगत राहिले. ऊन चढलं. दुकानदारानं बायकोकडे दुर्बीण मागितली. ती म्हणाली, "थांबा, माझं व्हायचंय."